दवाखाना दूर, हात जवळ

मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत ‘घरघर लागली’ हे शब्द कानावर पडले की ऐकणाऱ्याला पुढचे काही विचारावे लागत नाही. घरातले वडीलधारे माणूस देवघराकडे वळते, गंगाजलाची लोटी उघडली जाते, कोणी अंगणातून तुळशीचे पान आणते. मुस्लिम कुटुंबात जमजमच्या पाण्याचा शोध सुरू होतो. जाणाऱ्याच्या ओठांवर शेवटचे दोन थेंब पडावेत, एवढीच त्यामागची माया असते. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या, आयुष्य पुरते जगून झालेल्या माणसाचा निरोप असाच शांतपणे व्हावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु क्षणभर एका वेगळ्या प्रसंगाची कल्पना करावी. पन्नाशीचा, हिंडताफिरता शेतकरी. पहाटे उठून पिकाला पाणी देऊन आलेला. ओसरीवर चहाचा कप हातात घेतला आणि एकाएकी कोसळला. डोळे फिरले, हातपाय काही क्षण ताठरले आणि मग तोंड उघडे ठेवून, थांबून थांबून, घोरल्यासारखा श्वास सुरू झाला. जमलेल्यांपैकी कोणी म्हणेल, ‘आकडी आली, कांदा हुंगवा’. कोणी म्हणेल, ‘अजून श्वास आहे, जीप आणा’. आणि एखादी म्हातारी हळूच म्हणेल, ‘घरघर लागली’.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे तिन्ही अंदाज चुकीचे आहेत. तो श्वास हा खरा श्वास नव्हेच. हृदय थांबल्यानंतर मेंदूच्या तळाशी शिल्लक राहिलेल्या थोड्याशा प्राणवायूवर निघणारे ते आचके असतात. त्यांनी फुप्फुसात पुरेशी हवा जात नाही. मात्र त्यांचा अर्थ फार मोलाचा आहे. हृदय नुकतेच थांबलेले आहे, मेंदू अद्याप जिवंत आहे आणि माणूस परत येण्याची शक्यता याच क्षणी सर्वाधिक आहे, असे ते आचके सांगत असतात. ज्या खुणेला आपण पिढ्यान्‌पिढ्या निरोपाची खूण मानत आलो, ती अशा प्रसंगी मदतीची हाक असते. ती ओळखणारा एक माणूस घरात असणे किंवा नसणे, यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

झटका वेगळा, थांबणे वेगळे

आपल्याकडे बोलताना सगळ्यालाच ‘अटॅक आला’ असे म्हणतात. त्यामुळे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. हा फरक समजून घेण्यासाठी विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण सोयीचे आहे. मोटार चालू आहे, परंतु पाइपात कचरा अडकल्याने शेताच्या एका कोपऱ्याला पाणी पोहोचत नाही आणि तेथील पीक सुकू लागते. हा झाला हृदयविकाराचा झटका. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिनीत अडथळा येतो आणि हृदयाच्या स्नायूचा तेवढा भाग उपाशी पडतो. असा रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, वेदना डाव्या हातात किंवा जबड्यात जाते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. त्याची छाती दाबायची नसते. ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरी वेळ न दवडता त्याला तातडीने रुग्णालयात न्यायचे असते.

दुसरा प्रकार असा. थ्री-फेज मोटारीचा एक फेज गेला की मोटार नुसतीच गुणगुणते, हादरते, पण पाणी फेकत नाही. हृदयाच्या विद्युत यंत्रणेत असाच बिघाड झाला की हृदयाचे स्नायू एका लयीत आकुंचन पावण्याऐवजी अस्ताव्यस्त थरथरू लागतात. हृदय हलत असते, मात्र रक्त ढकलले जात नाही. दहा-पंधरा सेकंदांतच माणूस बेशुद्ध पडतो. याला अचानक हृदय बंद पडणे, म्हणजेच कार्डिअॅक अरेस्ट म्हणतात. हृदयविकाराचा झटका हे त्याचे एक मोठे कारण आहे, परंतु एकमेव नाही. ओल्या हाताने स्टार्टरला स्पर्श झाल्याने बसलेला विजेचा धक्का, वळवाच्या पावसात अंगावर कोसळलेली वीज, विहिरीत बुडणे, जन्मजात हृदयदोष यांमुळेही धडधाकट, तरुण माणसाचे हृदय असेच थांबू शकते. म्हणजे हा प्रश्न केवळ शहरातील बैठे काम करणाऱ्या, स्थूल माणसांचा नाही. तो शेतात राबणाऱ्यांचाही तितकाच आहे.

वाट पाहण्याची सवय

बीड जिल्ह्याला वाट पाहण्याची सवय आहे. पावसाची वाट, टँकरची वाट, कारखान्याच्या उचलीची वाट. जिल्ह्याच्या मुख्य गावी रेल्वेगाडी पोहोचायला २०२५ सालचा सप्टेंबर उजाडावा लागला. १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली, तेव्हा अनेक वृद्धांनी आपल्या हयातीत हा दिवस पाहिल्याचे समाधान व्यक्त केले. पण मेंदू मात्र वाट पाहत नाही. रक्तप्रवाह थांबल्यानंतर चार ते सहा मिनिटांत त्याच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला रुग्ण वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. या हिशेबाने दहा मिनिटांत बहुतेक सारे संपलेले असते.

आता जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवावा. क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर, अकरा तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८५ हजार आणि त्यातील सुमारे चार-पंचमांश ग्रामीण. बालाघाटच्या डोंगररांगांत विखुरलेल्या वाड्या, वस्त्या आणि तांडे. जिल्हा रुग्णालय बीडला, तर स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला. ग्रामीण भागात उभारलेले आशियातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते आणि जिल्ह्याला तिचा सार्थ अभिमान आहे. तरीही आष्टी, कडा भागातील माणसाला अंबाजोगाईपेक्षा अहिल्यानगर जवळ पडते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगर, लातूर, सोलापूर किंवा पुणे गाठावे लागते.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. प्रारंभी ९३७ रुग्णवाहिका रस्त्यावर आल्या आणि त्यांत डॉक्टरची सोय करण्यात आली. या सेवेने असंख्य बाळंतिणींचे आणि अपघातग्रस्तांचे प्राण वाचविले आहेत. परंतु शिरूर कासारच्या किंवा धारूरच्या डोंगरातील एखाद्या वस्तीवर कोणतीही रुग्णवाहिका पाच मिनिटांत पोहोचू शकत नाही. यात कोणाचा दोष नाही. रस्त्याचे अंतर आणि घाटाची वळणे यांचा तो साधा हिशेब आहे. मुंबई-पुण्यातील वाहतूककोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेचीही कथा फारशी निराळी नाही. म्हणून पहिल्या दहा मिनिटांचा डॉक्टर रुग्णालयातून येणार नसतो. तो रुग्णाच्या शेजारी आधीच उभा असतो. ती त्याची बायको असते, सून असते, शाळकरी मुलगा असतो, बांधावरचा शेजारी असतो किंवा एसटीच्या मागच्या बाकावरचा अनोळखी प्रवासी असतो. प्रश्न एवढाच की, त्याला काय करायचे ते ठाऊक आहे का?

दोन हातांचे काम

छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हा शोध तसा जुना नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी थांबलेल्या हृदयासाठी छाती उघडून हृदय हातात धरून दाबावे लागे. ते काम साहजिकच शस्त्रक्रियागृहापुरते मर्यादित होते. ‘कोठेही, कोणालाही आणि केवळ दोन हातांनी’ हे करता येते, हे या तिघांनी दाखवून दिले. छातीचे मधले हाड आणि पाठीचा कणा यांमध्ये हृदय दाबले जाते, छातीतील दाब वाढतो आणि रक्त पुढे सरकते. दाब सोडला की हृदय पुन्हा भरते. उत्तम रीतीने दाबले तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या जेमतेम पाव ते एक-तृतीयांश प्रवाह मिळतो. परंतु मेंदू तगून राहण्यासाठी तेवढाही मोलाचा असतो.

भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सर्वसामान्य माणसासाठी भारतीय परिस्थितीला साजेशी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यात तोंडाने श्वास देण्याचा भाग वगळून तीनच गोष्टींवर भर देण्यात आला : ओळखा आणि मदत बोलवा, छाती दाबा, लवकरात लवकर रुग्णालयात पोहोचवा. ही पद्धत कोणालाही शिकता येण्याजोगी आहे. तिचे टप्पे असे :

पहिला टप्पा सुरक्षिततेचा. विजेचा धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच बंद करावा, मगच रुग्णाला हात लावावा. वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या शरीरात मात्र विद्युतभार राहत नाही. त्याला लगेच स्पर्श करता येतो. पाऊस-वीज चालूच असेल तर त्याला झाडाखालून सुरक्षित जागी हलवावे.

दुसरा टप्पा ओळखण्याचा. दोन्ही खांद्यांवर थोपटून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल तर छाती आणि पोट यांच्या हालचालीकडे पाहावे. दहा सेकंदांहून अधिक वेळ त्यात घालवू नये. नाडी शोधत बसू नये. ती घाईत अनुभवी माणसालाही चकवते. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा थांबून थांबून आचके येत आहेत, एवढे पुरेसे आहे.

तिसरा टप्पा मदतीचा. १०८ ला फोन लावावा आणि मोबाइल स्पीकरवर ठेवावा, म्हणजे हात मोकळे राहतात. जवळ दुसरे कोणी असेल तर ‘कोणीतरी फोन करा’ असे गर्दीला न सांगता एकाच माणसाकडे बोट दाखवून सांगावे. गर्दीला सांगितलेले काम बहुधा कोणीच करत नाही.

चौथा टप्पा दाबण्याचा. रुग्ण बाजेवर किंवा मऊ गादीवर असेल तर त्याला आधी खाली जमिनीवर घ्यावे. बाजेवर दाबले की सुंभ खाली जाते, छाती नाही. त्याच्या बाजूला गुडघे टेकून बसावे. एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवावा, त्यावर दुसरा हात ठेवून बोटे गुंफावीत. कोपरे ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. मग मनगटाच्या जोरावर नव्हे, तर कमरेपासून वरच्या शरीराचे वजन टाकून छाती पाच ते सहा सेंटिमीटर, म्हणजे दोन इंचांहून किंचित अधिक, खाली दाबावी आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यावी. गती मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन वेळा. मोठ्याने मोजत गेले की लय चुकत नाही आणि भोवतालचे लोकही शिस्तीत येतात.

पाचवा टप्पा न थांबण्याचा. दोन मिनिटांत भल्याभल्यांची दमछाक होते आणि दाब उथळ होऊ लागतो. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, तोही क्षणाचा खंड न पाडता. रुग्णाने हालचाल केली, नीट श्वास घेऊ लागला किंवा रुग्णवाहिकेतील डॉक्टरांनी ताबा घेतला, तरच थांबावे. रुग्णवाहिका येणार असेल तर त्याला जीपमध्ये बसवून पळविण्याची घाई करू नये. बसलेल्या माणसाची छाती दाबता येत नाही आणि रस्त्यातली ती वीस मिनिटे वाया जातात. खासगी वाहनावाचून गत्यंतर नसेल तर वाहन दाराशी येईपर्यंत दाबणे चालू ठेवावे, रुग्णाला आडवे ठेवावे आणि वाटेतही शक्य तेवढे दाबत राहावे.

काय करू नये, तेही तितकेच महत्त्वाचे. तोंडात पाणी घालू नये. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही आणि ते पाणी थेट श्वासनलिकेत उतरते. कांदा, चप्पल हुंगविणे, तळपाय चोळणे, वारा घालणे यात अमूल्य मिनिटे जातात. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. विहिरीत वा तळ्यात बुडालेल्यांच्या आणि लहान मुलांच्या बाबतीत मूळ अडचण प्राणवायूची असते. तेथे तोंडाने श्वास देणेही आवश्यक ठरते. ते प्रशिक्षणातच शिकून घ्यावे. परंतु येत नसेल तर निदान छाती तरी दाबावी.

थरथर थांबविणारे यंत्र

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नुसत्या दाबण्याने थांबलेले हृदय क्वचितच आपोआप सुरू होते. दाबणे वेळ मिळवून देते. थरथरणाऱ्या हृदयाला पुन्हा लयीत आणण्यासाठी विजेचा नियंत्रित धक्का लागतो. तो देणारे स्वयंचलित यंत्र, एईडी या नावाने ओळखले जाणारे, शिक्षकाच्या दप्तराएवढे असते. झाकण उघडले की ते बोलू लागते. दोन चिकटपट्ट्या छातीवर कोठे लावायच्या, केव्हा दूर व्हायचे, हे सारे सांगते. धक्क्याची गरज नसेल तर ते धक्का देतच नाही. त्यामुळे अननुभवी माणसाच्या हातूनही अनर्थ होण्याची भीती जवळपास नसते.

देशातील अनेक विमानतळांवर ही यंत्रे भिंतीवर दिसतात. परंतु परळीच्या वैद्यनाथ मंदिरात महाशिवरात्रीला होणारी गर्दी, अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा नवरात्रोत्सव, दसरा मेळावे, बाजार समितीचे आवार, बीडचे बसस्थानक, परळीचे औष्णिक वीज केंद्र ही यंत्राची गरज असलेली ठिकाणे नव्हेत काय? स्वागत कमानी आणि फ्लेक्स यांवर होणाऱ्या खर्चाचा थोडा भाग वळविला तरी तालुक्यागणिक एक यंत्र येऊ शकेल. अट एवढीच की, ते कुलपात बंद नसावे आणि त्याची बॅटरी ठरावीक काळाने कोणीतरी तपासावी.

भीती तीन प्रकारची

लोक पुढे का येत नाहीत? पहिली भीती इजेची. ‘बरगडी मोडली तर?’ बरगडी मोडू शकते, हे खरे आहे. परंतु ती काही आठवड्यांत जुळते. समोरचा माणूस काहीही न केल्यास मृतच आहे, त्याची अवस्था आपल्या हातून आणखी वाईट होऊ शकत नाही. चुकून हृदय चालू असलेल्या माणसाची छाती दाबली गेली, तरी गंभीर इजेचा संभव अल्प असतो. तो वेदनेने हात झटकतो आणि आपल्याला उत्तर मिळते.

दुसरी भीती पोलिसांची. रस्ता अपघातातील जखमींना मदत करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ च्या निकालाने संरक्षण दिले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तशी स्वतंत्र तरतूद झाली. अपघाताव्यतिरिक्तच्या प्रसंगी, संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्‌भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३० संरक्षण देते. हे तत्त्व जुन्या दंडसंहितेतही होते.

तिसरी भीती संकोचाची. परक्या स्त्रीच्या छातीला हात कसा लावायचा? पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांतही सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या स्त्रियांना पुरुषांच्या तुलनेत अशी मदत कमी वेळा मिळाल्याचे आढळले आहे. आपल्याकडे पदराआडची लाज अधिकच आड येते. त्यावर उपाय दोन. हात स्तनांवर नव्हे, तर मधल्या हाडावर ठेवायचा असतो आणि पातळ कपड्यावरूनही दाबता येते, हे प्रशिक्षणात स्पष्ट शब्दांत सांगावे. आणि त्याहून महत्त्वाचे, स्त्रियांनाच मोठ्या संख्येने शिकवावे. बहुतांश वेळा हृदय घरातच थांबते. रस्त्यावर किंवा सभागृहात असे प्रसंग त्या मानाने कमी घडतात. दिवसा घरी असणारी स्त्रीच पहिली मदतनीस ठरणार असते. वजन कमी असले तरी कोपरे ताठ ठेवून अंगाचा भार टाकल्यास स्त्रियाही उत्तम दाबू शकतात.

आधी कोणाला शिकवावे?

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला एक खास उत्तर आहे. दसरा-दिवाळीनंतर येथील लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. पहाटेच्या थंडीत तोड, डोक्यावर मोळी, उसाने भरलेली गाडी, सोबतीला तंबाखू आणि अर्धवट झोप. दवाखाना कोणता, रस्ता कोणता, गाव कोणते, याची पुरती ओळख नसलेल्या फडात नवऱ्याला बायकोचे आणि बायकोला नवऱ्याचेच हात असतात. मुकादमाकडून उचल घेण्याचा काळ ठरलेला असतो. त्याच सुमारास गावोगावी मुकादम आणि कोयत्यांना अर्ध्या तासाचे प्रशिक्षण देणे अशक्य नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या कामात याला सहज जागा मिळू शकते. मजुरांच्या मुलांसाठी असलेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहांतील मोठी मुले शिकली तर ती सुट्टीत घरच्यांना शिकवतील.

त्यानंतर एसटीचे चालक-वाहक, महावितरणचे वायरमन, आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्या, पोलीस, जिल्हा परिषदेचे शिक्षक. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा सारे गाव एका मांडवाखाली असते. आषाढीला संत मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगराहून बीडमार्गे पंढरीला जाते. तीत पायी चालणाऱ्यांत वृद्ध मोठ्या संख्येने असतात. कीर्तनापूर्वीची पंधरा मिनिटे एखाद्या डॉक्टरला मिळाली तर एरवी वर्षभरात होणार नाही एवढे काम त्या मांडवात होईल. आपल्याकडे कीर्तनकाराचा शब्द परिपत्रकापेक्षा खोलवर पोहोचतो, हे गाडगेबाबांनी स्वच्छतेच्या बाबतीत फार पूर्वीच दाखवून दिले आहे.

मात्र अशा शिबिरांविषयी एक सावधगिरी हवी. दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणे आणि शेवटी व्यासपीठावर एकाच पुतळ्यावर दोघांचे प्रात्यक्षिक, तेही छायाचित्रापुरते, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. पाहून पोहता येत नाही, तसेच पाहून छाती दाबताही येत नाही. शिबिराला आलेल्या प्रत्येकाने स्वतः दोन मिनिटे घाम येईपर्यंत दाबले पाहिजे. नॉर्वेतील खेळणी बनविणारे आस्मुंड लायेर्डाल यांनी १९६० मध्ये खास याच सरावासाठी ‘अॅन’ नावाचा मानवी पुतळा तयार केला. तो महाग वाटत असेल तर घट्ट उशी किंवा कपड्यात गुंडाळलेली प्लास्टिकची रिकामी बाटली यांवरही हाताची लय बसविता येते. जिवंत माणसावर मात्र सराव करू नये. शिकलेले काही महिन्यांतच विसरू लागते, म्हणून वर्षातून किमान एकदा उजळणी हवी. केंद्र सरकारने २०२५ मध्ये १३ ते १७ ऑक्टोबर हा सीपीआर जागृती सप्ताह म्हणून पाळला. १६ ऑक्टोबर हा दिवस जगभर याच कामासाठी ओळखला जातो. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावरची ही तारीख बीडसाठी फार सोयीची आहे.

हे घडू शकते

अमेरिकेतील सिएटल शहरात १९७२ मध्ये लेनर्ड कॉब या डॉक्टरांनी अग्निशमन दलाच्या मदतीने सामान्य नागरिकांना छाती दाबण्याचे सामुदायिक प्रशिक्षण सुरू केले. अशा प्रसंगातून वाचणाऱ्यांच्या प्रमाणात तो परिसर आज जगात अग्रभागी गणला जातो. त्याहून बोलके उदाहरण डेन्मार्कचे. तेथे शाळांत हे शिक्षण सक्तीचे झाले, वाहन परवान्यासाठीही ते आवश्यक करण्यात आले. परिणामी, २००१ मध्ये शंभरातील २१ रुग्णांनाच बघ्यांकडून अशी मदत मिळत होती, ते प्रमाण २०१० मध्ये ४५ वर गेले. महिनाभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण याच काळात साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ अकरा टक्क्यांवर पोहोचले. रुग्णवाहिका, औषधोपचार यांत झालेल्या सुधारणांचाही त्यात वाटा होता. परंतु सामान्य माणसांचे शिकलेले हात हा त्यातील ठळक बदल होता.

अकरा टक्के हा आकडा कोणाला थोडा वाटेल. शंभरातील ८९ जण तरीही जातात. जो दाबतो त्याला बहुतेक वेळा अपयशच येणार आहे, हे शिकवतानाच सांगावे, म्हणजे पुढे आयुष्यभर त्याच्या मनाला टोचणी लागून राहणार नाही. प्रयत्न करूनही माणूस गेला तर तो दाबणाऱ्यामुळे गेला नाही. तो आधीच गेलेला होता आणि कोणीतरी त्याला परत बोलावून पाहिले, एवढाच त्याचा अर्थ. आणि पूर्वी साडेतीन वाचत होते तेथे अकरा वाचले, म्हणजे शंभरांमागे सात घरांत चूल विझली नाही.

पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये, संभाजीनगरात नोकरीसाठी स्थिरावलेल्या हजारो बीडकरांचे आई-वडील आजही गावाकडच्या घरात एकमेकांच्या सोबतीने राहतात. त्यांच्यासाठी आपण रक्तदाबाचे यंत्र नेतो, औषधांच्या पट्ट्या नेतो, मोबाइलवर रोज विचारपूस करतो. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा अर्धा तास आणखी काढावा. ओसरीवर सतरंजी अंथरावी, घट्ट उशी घ्यावी आणि आईला, वहिनीला, शेजारच्या मुलाला दोन-दोन मिनिटे दाबायला लावावे. १०८ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. आणि घरघर म्हणजे काय, हेही नीट समजावून सांगावे. देवघरातील गंगाजलाची लोटी जागच्या जागी असू द्यावी. धडधाकट माणूस अचानक कोसळला तर तिच्याकडे हात जाण्यापूर्वी तो छातीच्या मधोमध जायला हवा, एवढे घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.